खांद्यावरची केबल

"हो, आता आवाज पुढे आला," बायको म्हणाली, आणि मी समाधानाने मान डोलावली. मान डोलावताना गळ्याला काहीतरी खरखरीत लागलं. हात नेऊन चाचपलं तर केबल. नवी केबल. जी मी आत्ताच अॅम्प्लिफायरच्या पाठीत खुपसून आलो असं समजत होतो, ती माझ्या खांद्यावर होती, उपरण्यासारखी, एक टोक पुढे आणि एक मागे. काय झालं असेल ते क्षणात लक्षात आलं. रॅकच्या मागे जेमतेम वीतभर जागा, तोंडात टॉर्च, जुनी केबल उपसली आणि धुळीने शिंक आली. एकामागोमाग शिंका आल्या, टॉर्च पडला, तो शोधला, आणि त्या गडबडीत हाताला लागली ती केबल परत आत दाबली. म्हणजे जुनीच. उपसलेलीच. मग बाहेर येऊन मी तीच तबकडी पहिल्यापासून लावली, बायकोच्या समोर उभा राहिलो, गाणारीने पहिला सूर लावला आणि मी विचारलं, "आता?" खांद्यावर मनगटाएवढी जाड, काळ्या-जांभळ्या विणीची केबल घेऊन मी विचारलं, आणि बायको खुर्चीत बसून, माझ्याकडे सरळ बघत, म्हणाली की आवाज पुढे आला. वर म्हणाली, "श्वाससुद्धा ऐकू येतोय तिचा." मलाही आला होता. पण तो प्रश्न वेगळा. मला केबल खांद्यावर आहे हे माहीत नव्हतं. तिला समोर दिसत होतं.

"तुला दिसत होती ना ही?" मी केबल पुढे धरून विचारलं. दिसत होती, ती म्हणाली. मग? तर म्हणे, तुम्ही आता कसं वाटतंय विचारलंत, मी सांगितलं. आणि दूध उतू जाईल म्हणून उठून स्वयंपाकघरात गेली. दूध! माझ्या डोक्यात काय उकळत होतं ते कुणाला दिसलं नाही.

लोक हसतात, हसू देत. भिंतीतली वीज अॅम्प्लिफायरपर्यंत नेणारी दोन हात तार बदलली की गाणं बदलतं, हे ज्यांना पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कने एकदा विचारलं होतं, धरणापासून तुमच्या घरापर्यंत आलेली वीज शेवटच्या दोन हातांत अशी काय शहाणी होते हो? सगळं टेबल हसलं. मी डबा बंद केला आणि उठलो. पण मनातून मला हसू येत होतं त्याचंच, कारण माझ्याकडे साक्षीदार होता, आणि साधासुधा नव्हे. माझी बायको हॉस्पिटलात कान तपासते. काचेच्या पेटीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक-बारीक शिट्ट्या सोडायच्या, ऐकू आली की माणसाने बटण दाबायचं. हे काम ती लग्नाच्या आधीपासून करते आहे. ऐकू येणं म्हणजे काय आणि न येणं म्हणजे काय, हे या शहरात तिच्याइतकं कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. म्हणून तर खुर्चीत मी बसत नव्हतो, ती बसायची. स्वतःच्या कानावर माणसाचा विश्वास नसावा. आपण हौसेने आणलेल्या वस्तूत आपल्याला गुण दिसणारच. रॅकच्या मागे मी, गालिच्यावर खूण केलेल्या जागी खुर्चीत ती. मी तार बदलायची, बाहेर यायचं, विचारायचं, "आता?" ती डोळे मिटायची, थोडा वेळ घ्यायची आणि सांगायची. तिच्या शब्दावर या खोलीतली एकेक वस्तू आली. स्पीकर तिच्या शब्दावर आले. ते भिंतीपासून किती लांब ठेवायचे ते तिच्या शब्दावर ठरलं. आधीची केबल तिच्या शब्दावर आली, तिला ती हौसेने धाकटा अजगर म्हणायची, आणि ही नवी आली तेव्हा खोकं उघडताना म्हणाली होती, थोरला आला वाटतं. मला ते किती आवडलं होतं. मी ते मित्रांना सांगितलंसुद्धा. आम्ही चारपाच जण आहोत असे, महिन्यातून एकदा एकमेकांकडे जमतो. त्यांच्या बायका आम्ही गेलो की भाजी आणायला निघून जातात. माझी बायको बसते, ऐकते, मत देते. भाग्यवान आहेस लेका, असं ते मला म्हणतात. भाग्यवान!

त्या संध्याकाळी मी थोरला अजगर मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. बायकोने येऊन दिवा लावला आणि जेवायला वाढू का विचारलं, मी केबलच्या विणीवरून बोट फिरवत राहिलो. मग ती माझं ताट झाकून ठेवून जेवली. भांड्यांचा आवाज येत होता. हळू, बेताचा, कुणाला त्रास होऊ नये असा. तिचं सगळंच असं बेताचं आहे. इतकी वर्षं त्याचं कौतुक केलं आणि आता तो चमचा ताटलीला लागल्याचा मऊ आवाज माझ्या डोक्यात गेला. एकदा तरी आपट म्हणावं. एकदा तरी म्हण, मला काही कळत नाही तुमच्या तारांतलं, मला झोप येते, मला कंटाळा येतो. मी रागावलो असतो. आठ दिवस बोललो नसतो. पण मग मला कळलं तर असतं की जेव्हा ती हो म्हणते तेव्हा तिचं हो आहे. आता काय? आता मागे वळून बघतो तर सगळीकडे हो, हो, हो. आणि त्यातलं एकही हातात धरावं असं राहिलेलं नाही.

शनिवारी ऑफिसात गेलो. मी विमा कंपनीत दावे तपासतो. म्हणजे लोक जे सांगतात ते खरं की खोटं, एवढंच दिवसभर बघतो, आणि त्याचाच पगार खातो. आग लागली, पाणी शिरलं, गाडी आपणहून घरंगळली. समोर बसलेला माणूस खोटं बोलत असला की तो कागदाकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. मला काय हवंय ते शोधत असतो. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षात कळलं आणि नव्या लोकांना मी तेच शिकवतो. त्या दिवशी एक बाई आल्या होत्या, गोदामात पाणी शिरलं म्हणून. नवरा शेजारी बसलेला. माल भिजला का, हो. सगळा का, हो. आधी कधी असं झालं होतं का, तर नवऱ्याकडे बघून, नाही. मी पेन खाली ठेवलं. एरवी मी सौम्य आवाजात पुढचा प्रश्न विचारतो. त्या दिवशी म्हणालो, बाई, यांच्याकडे काय बघताय, यांच्या कपाळावर लिहिलंय का? नवरा उठून उभा राहिला. हेडक्लार्क धावत आला. मला पाणी दिलं, बीपी तपासून घ्या म्हणाला. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि तिथल्या आरशासमोर उभं राहून मनाशी म्हटलं, परक्यांची नाडी ओळखतोस आणि घरात कोण तुझ्या तोंडाकडे बघून बोलतंय ते तुला इतकी वर्षं दिसलं नाही, मग तू इथे कसला पगार खातोस.

आणि तिथे, नळ चालू असताना, मला ती काचेची पेटी आठवली. मागे कधीतरी सर्दीने कानाला दडा बसला होता म्हणून तिच्याच हॉस्पिटलात गेलो होतो. पेटीत आत कोंदट वास, गुडघे भिंतीला टेकलेले, काचेपलीकडे ती पांढऱ्या कोटात, माझी बायको नसल्यासारखी. शिट्टी आली की बटण. आधी सोपं होतं. मग शिट्ट्या बारीक होत गेल्या, इतक्या की बाहेर वाजतेय की डोक्यात वाजतेय कळेना. मी दाबत राहिलो. घरी येताना रस्त्यात ती हसत होती. म्हणाली, तुम्ही मी काहीच सोडलं नव्हतं तेव्हासुद्धा दाबत होतात. सगळे दाबतात. काचेतून माझ्या हाताकडे बघत बसतात, हात हलला की दाबतात. नापास व्हायची भीती वाटते लोकांना. म्हणून ती आता पेशंटकडे पाठ करून बसते. तेव्हा मीही हसलो होतो तिच्याबरोबर. आता मला त्या हसण्याचा संताप आला. म्हणजे तिला माहीत होतं! धंदाच आहे तिचा! समोरच्याचा हात दिसत असला की माणूस खोटं बटण दाबतो, हे जिला पक्कं माहीत आहे ती माझ्यासमोर खुर्चीत बसून, माझ्याकडे तोंड करून, बटण दाबत होती. एकदाही म्हणाली नाही की तुम्ही पाठ करून उभे राहा.

घरी चालत आलो. वाटेत एका दुकानात टीव्हीच्या भिंती उभ्या केल्या होत्या, सगळ्यांवर एकच बाई एकाच वेळी हसत होती. मी थांबून बघत राहिलो तोवर गार्ड बाहेर आला. चालता चालता एकेक आठवायला लागलं. मी आणलेली ती साडी, जी आवडली म्हणाली. तो डोंगरावरचा थंडगार आठवडा, जिथे तिला खोकला झाला आणि ती म्हणत होती छान वाटतंय. माझी आई शेवटची दोन वर्षं आमच्याकडे अंथरुणावर होती. मी विचारलं होतं, तुला जमेल ना? डोळे मिटले, थोडा वेळ घेतला, हो म्हणाली. अगदी तसंच. तेच थांबणं, तोच सूर, शेवट किंचित वर नेलेला. आणि मग मी रस्त्यात उभाच राहिलो, कारण मला नव्या घराबद्दलचं तिचं हो आठवलं.

शहराबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, मी एक घर बांधायला घेतलं आहे. घर कसलं, माझ्या डोक्यात ती एक खोलीच होती: जाड भिंती, शेजारी कुणी नाही, कुणाचा मिक्सर नाही, लिफ्टची मोटर नाही, आणि फक्त माझ्या अॅम्प्लिफायरसाठी वेगळी लाइन. तिचं अर्थिंगसुद्धा वेगळं. अंगणात पुरुषभर खड्डा खणून तांब्याचा पत्रा, मीठ आणि कोळसा घालून मी समोर उभं राहून पुरून घेतला. केबल कितीही चांगली घ्या, भिंतीतली वीजच गढूळ असेल तर काय करणार? बाकीच्या खोल्या भोवती आल्या. हा फ्लॅट विकल्याशिवाय ते घर ताब्यात मिळत नव्हतं, आणि बिल्डरने महिनाअखेरची मुदत दिली होती. तिथून हॉस्पिटल लांब पडणार, म्हणजे तिची नोकरी सुटणार. तिची बहीण इथे, मैत्रिणी इथे, सकाळी ज्यांच्याबरोबर फिरायला जाते त्या बायका इथे. हे सगळं मी तिच्यासमोर मांडलं होतं, माझ्यावर कुणी ठपका ठेवू नये. बांधकामावर उभं राहून विचारलं होतं, खिडक्यांच्या चौकटी बसायच्या होत्या, वारा सुटला होता, मी विचारलं, "येशील ना इथे? आवडेल ना?" आणि ती म्हणाली, "हो. आवडेल." मी तेव्हा कृतार्थ झालो होतो. आता रस्त्याच्या कडेला उभा राहून मी तो होकार पुन्हा पुन्हा ऐकला आणि मला त्यात केबलचा होकार ऐकू आला, काडीचाही फरक नव्हता. म्हणजे ही बाई माझ्या एका खोलीसाठी आपलं सगळं आयुष्य गुंडाळून माझ्यामागे यायला निघाली होती, मनात नसताना, तोंडातून अवाक्षर न काढता, आणि पुढची वीस वर्षं तिथे बेताने चमचे वाजवणार होती. माझ्यावर केवढं ओझं! माझ्या खांद्यावर ठेवून मोकळी!

घरी गेलो तेव्हा ती दोरीवरचे कपडे काढत होती. विचारावं असं वाटलं. पण काय विचारणार? तुला खरंच यायचंय का, असं विचारलं असतं तर ती डोळे मिटून हो म्हणाली असती. नाही म्हणाली असती तरी मी समजलो असतो की मला आता नाही हवं आहे हे तिने ताडलं. तिला विचारण्यात अर्थच उरला नव्हता. तिचा शब्द तिने स्वतःच बाद करून ठेवला होता. मी सरळ आत गेलो आणि दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी आमचा फ्लॅट घेणारं जोडपं आलं. पूर्वी दोनदा येऊन गेलेलं. आज बोलणं पक्कं व्हायचं होतं. मुलगा उंच, उत्साही, हातात टेप. काका, ही भिंत पाडता येईल ना, काका, इथे सोफा बसेल ना, असं करत तो फिरत होता आणि त्याची बायको त्याच्या मागे दोन पावलं. बायकोने चहा केला. मी खुर्चीत बसलो होतो. मुलगा माझ्या रॅकपाशी आला, मान वाकडी करून मागे डोकावला आणि म्हणाला, हे सगळं गेल्यावर केवढी जागा होईल! मग तिथूनच, टेप पसरलेली तशीच धरून, त्याने बायकोला विचारलं, "मग? आवडलं ना तुला?" ती मुलगी खिडकीपाशी होती. तिने घराकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे पाहिलं. थोडा वेळ घेतला. "हो," ती म्हणाली, "छान आहे."

मी उठलो. कप उलटला, चहा गालिच्यावरच्या खुणेवर सांडला. मी त्या मुलाला म्हणालो, तू बाहेर जा. जिन्यात उभा राहा आणि तिला एकटीला बघू दे, मग विचार. तो हसला, त्याला गंमत वाटली. मी म्हणालो, हसतोस काय, तिला नाही आवडलेलं, तुला दिसत नाही का, तू तिला आयुष्यभर असाच विचारत राहशील आणि ती असंच सांगत राहील. ती मुलगी घाबरून म्हणाली, नाही काका, खरंच आवडलंय. खरंच! माझा आवाज चढला. आता आठवलं तर लाज वाटावी इतका चढला, पण मला अजून लाज वाटत नाही. मी म्हणालो, घर विकायचं नाही. विषय संपला. माझ्या बायकोला इथून जायचं नाहीये आणि मी तिला नेणार नाही. दुसरं घर बघा. मुलाने टेप सोडली, ती सर्रकन आत गेली. तो काहीतरी बोलणार होता, पण त्याच्या बायकोने त्याचा हात धरला आणि ते दोघं चपला घालून निघून गेले. जिन्यातून त्याचा चिडलेला आवाज खाली खाली जात राहिला.

मी वळलो. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, आता ती रडेल. किंवा निदान जवळ येईल. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात बिस्किटांची बशी. चेहरा पांढरा पडला होता. ती इतक्या हळू बोलली की मला पुढे व्हावं लागलं.

"मला विचारलंत?"

मी म्हणालो, काय विचारायचं, मला कळलंय सगळं. तुला तिथे यायचं नव्हतं आणि तू माझ्यासाठी हो म्हणत होतीस.

"मी राजीनामा दिलाय," ती म्हणाली. "सोमवारीच. या महिन्यानंतर मला त्या पेटीसमोर बसायचं नाही. दिवसभर शिट्ट्या, आणि घरी आलं की तुमच्या तारा. त्या घरात मागच्या बाजूला एक खोली आहे. तुम्ही सामान ठेवायला म्हणून काढलीय ती. मी दोनदा बसने जाऊन तिथे बसून आले, तुम्ही ऑफिसात असताना. दार लावलं की काही ऐकू येत नाही. काही म्हणजे काही नाही. ती खोली मला हवी होती." तिने बशी दाराजवळच्या फळीवर ठेवली; ठेवली कसली, आपटली, बिस्किटं उडून खाली पडली. "इतक्या वर्षांत मी मनापासून एवढं एकच मागितलं तुमच्याकडे. तेसुद्धा तुम्हीच विचारलंत म्हणून."

मी तिच्याकडे बघत राहिलो. रागाने तिची मान लाल झाली होती, आणि हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. चिरका, फाटका, कुठेही गोड नसलेला. तरीही माझ्या तोंडून गेलंच. माझी जीभ झडली नाही. मी विचारलं, "खरंच?"

तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं; मला काय हवंय ते शोधत नव्हती, नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "आता कसं सांगू म्हणजे ऐकू येईल तुम्हाला?" आणि पायात चपला सरकवून, पदर खोचत, जिना उतरून गेली. मला वाटलं बहिणीकडे चालली. मी गॅलरीत आलो. खाली ती जवळजवळ धावत फाटकापाशी पोचली होती. ते जोडपं गाडीला किल्ली लावत होतं. तिने त्या मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीला दंडाला धरून बाजूला नेलं, पार कुंपणाच्या कडेला, आणि दोघी बोलायला लागल्या. मुलगी आधी मान खाली घालून ऐकत होती, मग तीही हातवारे करून काहीतरी सांगू लागली, घराकडे बोट दाखवू लागली, मध्येच मान हलवून नाही म्हणाली, पुन्हा बोलू लागली. माझी बायको ऐकत होती. तो मुलगा गाडीपाशी उभा राहून टेप बाहेर ओढत होता आणि सोडत होता. मी कठड्यावरून जितकं वाकता येईल तितकं वाकलो. तिसऱ्या मजल्यावर एक शब्द ऐकू येत नव्हता.